गॉथिक कवितेतलं दुःख आणि भुतंखेतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एकदा आम्ही काहीजण जमतो आणि एक कविता मोठ्यानं वाचतो. एडगर ॲलन पो या १९व्या शतकातल्या अमेरिकी कवीची 'द रेव्हन' ही गॉथिक कविता वाचली त्या महिन्यापासून प्रश्न थांबेनात. पुष्कळदा प्रश्न तोच असतो, फक्त शब्द वेगळे. एकेकाला उत्तर लिहिण्यापेक्षा सगळे इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक पोबद्दलच विचारतात, त्यामुळे पानाचा कलही तिकडेच आहे.

१. गॉथिक कविता म्हणजे भुताची कविता का?

भूत असलंच पाहिजे असं नाही (प्रश्न १२ पाहा). मेलेलं माणूस सोडवत नाही आणि ते पुरतं गेलंय याची खात्रीही पटत नाही, या दोन्हींच्या कात्रीत सापडलेली कविता, असं मी सांगतो.

तिची मुळं १८व्या शतकातल्या ब्रिटनमध्ये आहेत. रात्री स्मशानात बसून मरणावर चिंतन करणारे बरेच कवी तेव्हा झाले. रॉबर्ट ब्लेअरची थडग्यावरची लांबलचक कविता १७४३ची, टॉमस ग्रेची गावच्या दफनभूमीतली विलापिका १७५१ची. त्यांना घाबरवायचं नव्हतं. बाबांनो, शेवटी सगळ्यांना इथंच यायचंय, एवढंच त्यांचं सांगणं. पुढच्यांनी स्मशान ठेवलं आणि उपदेश गाळला. तिथून खरी मजा सुरू झाली.

२. गॉथिक म्हणजे व्हीटी स्टेशनची इमारत ना? तिचा कवितेशी काय संबंध?

नावापुरता. मध्ययुगातल्या टोकदार कमानींच्या बांधकामाला नंतरच्या इटालियन पंडितांनी हिणवून 'गॉथिक' म्हटलं, म्हणजे गॉथ टोळ्यांसारखं रानटी. १७६४ मध्ये होरेस वॉलपोलनं अशाच एका जुन्या किल्ल्यात घडणारी कादंबरी लिहिली आणि दुसऱ्या आवृत्तीवर 'गॉथिक कथा' असं छापलं. ते नाव भयकथेला चिकटलं, तिथून कवितेकडे आलं. आपली व्हीटी, म्हणजे आताची सीएसएमटी, १८८८ मध्ये पुरी झाली. त्याच जुन्या शैलीचं ते व्हिक्टोरियन काळातलं पुनरुज्जीवन आहे. 'द रेव्हन'मध्ये मात्र किल्ला नाही की मठ नाही. पडदे, गालिचा, पुस्तकं असलेली एक खोली, बस्स.

३. 'द रेव्हन'मध्ये घडतं काय? थोडक्यात सांगाल?

डिसेंबरातली मध्यरात्र. लेनोर नावाची प्रिया गमावलेला एक माणूस दुःख विसरायला जुनी पुस्तकं चाळत पेंगतोय. दारावर टकटक होते. दार उघडलं तर बाहेर नुसता काळोख. तो हळूच म्हणतो, "लेनोर?" आणि तेच नाव प्रतिध्वनी होऊन परत येतं. मग खिडकीवर टकटक. खिडकी उघडतो तर एक मोठा काळा पक्षी रुबाबात आत येतो आणि दारावरच्या पॅलासच्या, म्हणजे ग्रीकांच्या विद्यादेवीच्या, पुतळ्यावर बसतो. त्याला एकच शब्द येतो : 'नेव्हरमोअर', पुन्हा कधीच नाही. माणूस प्रश्न विचारत जातो, पक्षी तोच शब्द बोलत राहतो.

१८ कडवी, १०८ ओळी. २९ जानेवारी १८४५ रोजी न्यूयॉर्कच्या 'इव्हिनिंग मिरर'मध्ये पोच्या नावानं आली आणि तो एकदम प्रसिद्ध झाला.

४. तो पक्षी नक्की कोण? लेनोरचा आत्मा, सैतान, की कुणाचा तरी पाळलेला?

कवितेतला माणूस यातल्या शेवटच्या दोन्हींकडे झुकतो. सुरुवातीला तो अगदी शहाण्यासारखा विचार करतो : हा कुणा दुर्दैवी मालकाकडून एक शब्द शिकलेला दिसतो, तोच घोकतोय. नंतर तो पक्ष्याला संदेष्टा म्हणतो, सैतान म्हणतो. पक्षी मात्र आत आला तेव्हा जसा, तसाच शेवटी. पोनंही नंतर आपल्या लेखात तो मालकाकडून उडून आलेला शिकवलेला पक्षी असल्याचंच सांगितलं.

आणि रेव्हन खरोखर बोलू शकतात, माणसाची नक्कल करतात. चार्ल्स डिकन्सकडे ग्रिप नावाचा एक होता. डिकन्सनं तो कादंबरीत घातला, आणि पोनं त्या कादंबरीच्या परीक्षणात म्हटलं की या पक्ष्याचा भविष्यवाणीसारखा वापर करता आला असता. ग्रिप १८४१ मध्ये मेला. पेंढा भरलेला ग्रिप आज फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे.

५. उत्तर 'नाही'च येणार हे कळल्यावरही तो विचारत का राहतो? वेडा आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझ्या मते सगळी कविता याच प्रश्नात आहे.

त्याच्या प्रश्नांची चढण बघा. आधी नाव विचारतो, तेही गमतीनं. मग : या आठवणींतून सुटका आहे का? मग : दुःखावर काही मलम आहे का? मग : मरणानंतर, स्वर्गात तरी लेनोर मला भेटेल का? पक्ष्याचा शब्द एकच आहे हे त्याला दुसऱ्या प्रश्नाआधीच कळलंय. म्हणजे उत्तर ठरलेलं आहे आणि प्रश्न तो निवडतोय, दर वेळी 'नाही' जास्त लागेल असा. "मला कॉफी हवी का?" असं विचारलं असतं तरी उत्तर तेच आलं असतं. पण त्याला तसलं काही विचारायचंच नाही.

पोनं हे जाणूनबुजून केलंय. १८४६च्या लेखात (प्रश्न ८) तो लिहितो की हा प्रियकर स्वतःला छळण्यात एक प्रकारचं सुख घेतो, आणि म्हणूनच उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारतो. वेड असेल तर ते आपण सगळे थोडंफार करतो. गेलेल्या माणसाचा नंबर फोनमधून न काढणारे, "तेव्हाच दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं असतं तर?" असं वर्षानुवर्षं घरच्यांना विचारणारे लोक मी पाहिलेत. घरचे काय म्हणणार ते त्यांना पाठ असतं.

६. लेनोर म्हणजे पोची बायको ना? ती गेल्यावर त्यानं हे लिहिलं?

नाही. ही चूक फार पसरली आहे. १८३६ मध्ये पोनं आपल्या आतेबहिणीशी, व्हर्जिनियाशी लग्न केलं. ती १३ वर्षांची, तो २७चा. जानेवारी १८४२ मध्ये गाताना तिच्या तोंडातून रक्त आलं. क्षय. त्यानंतर ती बरी व्हायची, पुन्हा पडायची, पुन्हा सावरायची. पाच वर्षं असं चाललं. ती गेली ३० जानेवारी १८४७ला, म्हणजे 'द रेव्हन' छापून आल्यावर दोन वर्षांनी.

म्हणजे ही कविता लिहिली तेव्हा बायको शेजारच्या खोलीत खोकत होती, असं धरून चालायला हरकत नाही. माणूस जिवंत असतानाच त्याचं जाणं मनात घडत राहतं, ते दुःख यात आहे. ती गेल्यानंतरच्या कविता वेगळ्या. 'युलालूम' डिसेंबर १८४७ची. तीत एक माणूस ऑक्टोबरातल्या रात्री रानात भटकत नकळत प्रियेच्या थडग्यापाशी पोचतो आणि मग त्याला आठवतं की बरोबर वर्षापूर्वी, याच रात्री, तो तिला इथं घेऊन आला होता. 'ॲनाबेल ली' पोच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी छापून आली. तो ७ ऑक्टोबर १८४९ला गेला.

७. रेव्हन म्हणजे आपला कावळाच का? पिंडाला शिवतो तो?

जात वेगळी, कुटुंब एकच. घरकावळ्याची मान राखाडी असते, डोमकावळा पुरता काळा. रेव्हन त्याहूनही मोठा, जाड चोचीचा, थंड आणि कोरड्या मुलखातला. मराठीत सहसा 'डोमकावळा' म्हणून भागवतात, ते चालण्यासारखं आहे.

पण या प्रश्नामागचा प्रश्न मला जास्त आवडतो. आजोबांच्या दहाव्याला नदीकाठी आम्ही तासभर उभे होतो. पिंड मांडलेला, कावळे समोरच्या पिंपळावर, एकही खाली येईना. मग ठरल्याप्रमाणे एकेकजण हात जोडून पुढं. काका म्हणाले, "शेताचं बघतो." आत्या म्हणाली, "आईला एकटी ठेवणार नाही." काही नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेवढ्यात धाकटा काका मागूनच पुटपुटला, "तुमचा रेडिओ विकणार नाही." कावळा आला. आला तो का आला, यावर घरात अजून वाद आहे.

आपल्याकडेही मेलेल्याच्या वतीनं पक्षी उत्तर देतो. फरक असा की आपला कावळा 'हो' म्हणायला येतो, आणि तो शिवला की माणसं कपडे झटकून घरी जेवायला जातात. पोच्या पक्ष्याला 'नाही' शिवाय काही येत नाही, आणि त्याच्या माणसाला घरी पाठवणारं कुणी नाही. काका-आत्या नाहीत, भटजी नाहीत, दहावा दिवस नाही.

८. पोनं ही कविता गणित मांडून लिहिली असं वाचलं. मग हे दुःख खोटंच की!

'द फिलॉसॉफी ऑफ कॉम्पोझिशन' या १८४६च्या लेखात तो तसा दावा करतो. आधी लांबी ठरवली, शंभरेक ओळी. मग परिणाम, मग पालुपद. पालुपदासाठी घुमणारा लांब 'ओ' आणि त्यापुढे 'र', त्यावरून शब्द. तो शब्द पुन्हा पुन्हा बोलायला विचारशक्ती नसलेला प्राणी हवा, म्हणून आधी पोपट सुचला, मग रेव्हन. विषय कोणता? तर सुंदर स्त्रीचा मृत्यू, त्याच्या मते जगातला सगळ्यात काव्यमय विषय.

मला हा लेख निम्मा खरा आणि निम्मा जादूगारानं नंतर सांगितलेली हातचलाखी वाटतो. पण समजा पूर्ण खरा. तरी दुःख खोटं कसं ठरतं? ओव्या रचणाऱ्या बाईला यमक जुळवावं लागतच असे, म्हणून तिचं माहेर खोटं होत नाही. (पोपट राहिला असता तर काय झालं असतं, हा विचार मात्र मनातून जात नाही.)

९. मेलेला माणूस खरोखर परत येतो, अशी कविता आहे का?

आहे, आणि ती पोच्या आधीची. गॉटफ्रीड ऑगस्ट बर्गर या जर्मन कवीचं 'लेनोरे' हे पोवाड्याच्या चालीचं कथाकाव्य १७७३ मध्ये पुरं झालं. लढाई संपली, सैनिक परतले, लेनोरेचा विल्हेल्म नाही. आई समजावते, ती देवाला बोल लावते. मध्यरात्री घोडा दारात. विल्हेल्म म्हणतो, चल, आजच लग्न. दोघं चांदण्यातून भरधाव निघतात. मेलेले वेगानं घोडा हाकतात, असं तो तिला वाटेत सांगतो. शेवटी लग्नाचा पलंग म्हणजे शवपेटी, आणि नवरा म्हणजे सांगाडा. या कवितेनं इंग्लंडला वेड लावलं. १७९६ मध्ये वॉल्टर स्कॉटनंही तिचं भाषांतर केलं.

याहून मला स्कॉटलंडचं एक लोकगीत जवळचं वाटतं, 'द वाइफ ऑफ अशर्स वेल'. तीन मुलगे समुद्रावर गेलेत, मेल्याची बातमी येते. आई म्हणते, माझी पोरं हाडामांसाची परत येईपर्यंत वारा थांबू नये. नोव्हेंबरातल्या एका लांब काळ्या रात्री ती येतात, डोक्यावर भूर्जाच्या टोप्या घालून. तो भूर्ज पृथ्वीवरचा नाही, स्वर्गाच्या दाराशी उगवलेला. आई चूल पेटवायला सांगते, अंथरूण घालते, उशाशी बसते. कोंबडा आरवतो आणि त्यांना निघावं लागतं. भीती अशी कुठंच नाही. आईला तर ती मेलेली आहेत हे दिसतही नाही, किंवा दिसत असून ती अंथरूण घालते.

१०. 'जास्त रडू नका, गेलेल्याला त्रास होतो' ही आपलीच समजूत ना?

आपलीही आणि त्यांचीही. 'द अनक्वायट ग्रेव्ह' या इंग्रजी लोकगीतात प्रियकर थडग्यावर एक वर्ष आणि एक दिवस रडतो. मग आतून आवाज येतो : कोण हे रडतंय, मला झोपू देत नाही? तो एक चुंबन मागतो. ती सांगते, माझे ओठ मातीसारखे गार आहेत, चुंबन घेतलंस तर तुझेही दिवस थोडे.

आता रघुवंशाचा आठवा सर्ग काढा. इंदुमती गेल्यावर अज राजा विलाप करतो तेव्हा वसिष्ठ शिष्याकरवी निरोप पाठवतात : शोक आवर, नातलगांचे न थांबणारे अश्रू प्रेताला जाळतात असं म्हणतात. तिकडे अश्रूंनी झोपमोड होते, इकडे चटका बसतो. कालिदास मात्र पोपेक्षा दयाळू. अज लहानग्या दशरथासाठी आठ वर्षं काढतो, गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवतो आणि नंदनवनात त्याला ती भेटते. प्रश्न ५ मधला शेवटचा प्रश्न इथं विचारला असता तर उत्तर 'हो' आलं असतं.

११. दर वेळी बाईच का मेलेली? बायकांनी काही लिहिलं की नाही?

रास्त तक्रार. पोच्या लेनोर, युलालूम, ॲनाबेल कुणीच एक वाक्य धड बोलत नाहीत. बायकांनी लिहिलं तेव्हा दोन गोष्टी बदलल्या.

एमिली ब्राँटेच्या 'रिमेम्ब्रन्स'मध्ये (१८४६) मेलेला पुरुष आहे, पंधरा डिसेंबर जमिनीखाली गार पडलेला. बोलणारी बाई म्हणते, मी जगायला शिकले, आणि आठवणीत फार बुडायची मला भीती वाटते, कारण मग हे रिकामं जग पुन्हा नको होईल. पोच्या माणसाच्या नेमकी उलट : प्रश्न विचारायचं तिनं स्वतःच थांबवलंय.

क्रिस्टिना रोझेटीची 'द पुअर घोस्ट' तर प्रश्न १० चीच पुढची गोष्ट आहे. प्रियकराचे अश्रू मातीत झिरपले म्हणून बिचारी भूत होऊन आली, आणि हा तिला बघून टरकला. रडलास कशाला मग, असं ती विचारते. तिच्याइतका कोरडा विनोद या प्रांतात दुसऱ्या कुणाला जमलेला नाही.

१२. भूत नसेल तर गॉथिक कसं? आणि भूत असलेली प्रत्येक शोककविता गॉथिक का?

दोन्हीकडे अपवाद आहेत. ब्राँटेच्या कवितेत भूत नाही, तरी बर्फाखालच्या थडग्याची ओढ पूर्ण गॉथिक आहे. उलट टेनिसनच्या 'इन मेमोरियम'मध्ये (१८५०) मेलेला मित्र आर्थर हॅलम स्पर्श करतो. रात्री हिरवळीवर त्याची जुनी पत्रं वाचताना कवीला ते जाणवतं. पण ती कविता गॉथिक नाही, कारण ती त्या स्पर्शानं शांत होते. टॉमस हार्डीची पत्नी एमा नोव्हेंबर १९१२ मध्ये गेली. त्यानंतरच्या महिन्याची तारीख असलेल्या 'द व्हॉइस'मध्ये तिचा आवाज येतो, की नुसता ओल्या कुरणावरचा वारा? ही मी काठावर ठेवतो. वाद घालायला या.

१३. कवीनं बायकोचं थडगं उकरून कविता बाहेर काढल्या, हे खरं आहे?

खरं आहे. क्रिस्टिनाचा भाऊ दान्ते गॅब्रिएल रोझेटी. त्याची बायको एलिझाबेथ सिडल फेब्रुवारी १८६२ मध्ये अफूच्या अर्काच्या अतिमात्रेनं गेली. त्यानं आपल्या कवितांची एकुलती हस्तलिखित वही तिच्या केसांजवळ ठेवली आणि लंडनच्या हायगेट दफनभूमीत तिला पुरलं. सात वर्षांनी त्याला कविता हव्या झाल्या. ऑक्टोबर १८६९ मध्ये रात्री शेकोटी पेटवून पेटी उघडली गेली. तो स्वतः गेला नाही, माणसं पाठवली. वही वाळवीनं पोखरल्यासारखी झाली होती, ती जंतुनाशकात भिजवून वाळवावी लागली. १८७० मध्ये पुस्तक आलं.

याच रोझेटीनं तरुणपणी 'द ब्लेसिड डॅमोझेल' लिहिली होती. पृथ्वीवरच्या प्रियकराचं दुःख पोनं संपवून टाकलंय, म्हणून मी उलटं केलं, स्वर्गातल्या प्रियेची तळमळ लिहिली, असं तो सांगे.

१४. पोचा आत्मा मेल्यावरही कविता सांगत होता म्हणे?

मेलेल्यांचे आत्मे आपल्या तोंडून बोलतात असं सांगणाऱ्या लिझी डोटन या अमेरिकी बाईंनी १८६३ मध्ये तशा कविता छापल्या. चाल जमली आहे.

१५. मराठीत असं काही आहे का?

गोविंदाग्रजांची 'राजहंस माझा निजला' वाचा. मांडीवर मेलेलं मूल, आणि आई भोवतालच्यांना दटावतेय : हळू बोला, तो झोपलाय. भूत नाही, पक्षी नाही, थडगं नाही. मूल मेलंय हे आपल्याला माहीत आहे, जमलेल्यांना माहीत आहे, आणि तिला माहीत आहे की नाही तेच कळत नाही. अशर्स वेलची आई (प्रश्न ९) हिची सख्खी बहीण शोभेल.

१६. 'द रेव्हन'चं मराठीत छंदोबद्ध भाषांतर का जमत नाही?

मी तीनदा बसलो, तीनदा उठलो. गंमत म्हणजे 'लेनोर'ला जुळणाऱ्या यमकांचा मराठीत तोटा नाही : घोर, कठोर, समोर, चकोर, दोर. अडतं ते एका शब्दापाशी. मराठीतला नकार 'ओर'वर संपतच नाही. 'नाही', 'नको', 'कधीच नाही'. अठरापैकी अकरा कडवी ज्या शब्दावर संपतात तोच यमकाबाहेर पडतो. शब्द तसाच 'नेव्हरमोअर' ठेवला तर कविता मराठी राहत नाही. आणि इंग्रजी ओळ आघातांवर चालते, आपण मात्रा मोजतो. मन खट्टू करू नका : बोदलेअर आणि मालार्मे या दोघांनीही ती फ्रेंचमध्ये गद्यातच नेली.

१७. पक्षी दाराच्या वर बसलाय, मग त्याची सावली जमिनीवर पडते कशी? दिवा आहे कुठे?

हे पोच्या हयातीतच विचारलं गेलं. त्यानं एका पत्रात उत्तर दिलं : दार आणि पुतळा यांच्याही वर, भिंतीला बसवलेली दिव्यांची दांडी माझ्या डोळ्यांपुढे होती, असे दिवे इंग्रजी महालांत आणि न्यूयॉर्कच्या काही चांगल्या घरांत दिसतात. म्हणजे खोलीचा नकाशा डोक्यात पक्का होता.

शेवटचं कडवं आणखी एका कारणासाठी नीट वाचा. सतरा कडवी भूतकाळात आहेत. अठराव्यात क्रियापदं वर्तमानकाळात येतात : पक्षी अजून बसलेला आहे, अजून. 'त्या' डिसेंबराला किती वर्षं झाली ते सांगितलेलं नाही. आमच्या वाचनाला नववीतली एक मुलगी आली होती. ती म्हणाली, पक्षी अजून बसलाय आणि सावली अजून पडतेय, म्हणजे दिवा अजून जळतोय. मग इतके दिवस त्यात तेल कोण घालतं?

कुणालाच उत्तर सुचेना. चहाचे कप गोळा करणाऱ्या काकू जाता जाता म्हणाल्या, "तोच घालत असणार."